बोटं चालली तरच ब्रेक चालतात

५ जून १९८८ रोजी ‘जिरो द इटालिया’ या इटलीतल्या प्रसिद्ध सायकल शर्यतीचा टप्पा गाविया खिंडीवरून जायचा होता. खिंडीची उंची सुमारे २,६०० मीटर. पायथ्याशी पाऊस पडत होता आणि वर बर्फ. सेव्हन-इलेव्हन या अमेरिकी संघाच्या व्यवस्थापकांनी हवेचा अंदाज घेऊन स्थानिक दुकानांतून लोकरी टोप्या, हातमोजे असं मिळेल ते गरम सामान आधीच गोळा केलं होतं. त्यांचा खेळाडू अँडी हॅम्पस्टन निओप्रीनचे जाड हातमोजे घालून घाट चढला. नेदरलँड्सचा योहान फान डेर वेल्डे मात्र अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत, उघड्या हातांनी चढत राहिला आणि खिंडीच्या माथ्यावर सगळ्यांच्या आधी पोचला. तिथून पुढे बोर्मिओपर्यंत नुसता उतार होता, आणि त्या उतारानंच त्याचा घात केला. गारठून त्याला वाटेत आसरा घ्यावा लागला. शेवटच्या रेषेवर तो पोचला तेव्हा पाऊण तासाहून अधिक मागे पडला होता. हॅम्पस्टन त्या दिवशी दुसरा आला, पण आघाडीवीराची गुलाबी जर्सी त्याला मिळाली. पुढे शर्यत जिंकून तो ‘जिरो’ जिंकणारा पहिला अमेरिकी ठरला.

त्याच्या आठ वर्षं आधी, एप्रिल १९८० मध्ये, बेल्जियमच्या ‘लिएज-बास्तोन्य-लिएज’ शर्यतीत बर्फ कोसळत होता. १७४ जणांनी सुरुवात केली आणि अवघ्या २१ जणांनी शर्यत पूर्ण केली. फ्रान्सचा बर्नार इनो नऊ मिनिटांहून मोठ्या फरकानं जिंकला. पण त्याच्या दोन बोटांना हिमदंश झाला, आणि थंडी पडली की ती बोटं त्याला पुढे कायम त्रास देत राहिली.

या दोन्ही गोष्टी टोकाच्या हवेतल्या. पण मँचेस्टर, उत्रेख्त किंवा हॅम्बुर्गला नोकरीनिमित्त राहणारा एखादा मराठी माणूस नोव्हेंबर ते मार्च रोज सायकलनं कामावर जातो, तेव्हा तो याच संकटाची सौम्य आवृत्ती अनुभवत असतो. तापमान चार-पाच अंश, भुरभुर पाऊस, समोरून वारा. आपल्याकडून जुलै-ऑगस्टमध्ये मनाली-लेहला सायकल घेऊन जाणाऱ्यांनाही रोहतांगच्या आसपास हाच अनुभव येतो. अशा हवेसाठी हातमोजे घ्यायला गेलं की दुकानात पन्नास प्रकार दिसतात आणि प्रत्येकावर ‘वॉटरप्रूफ’, ‘विंडप्रूफ’, ‘थर्मल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातून निवड करायची तर आधी बोटं गार का पडतात ते समजून घ्यायला हवं.

गारठा आधी बोटांनाच का?

मनगटापुढचे दोन्ही हात मिळून शरीराच्या वजनाच्या जेमतेम एक-सव्वा टक्का भरतात, पण त्यांची त्वचा मात्र एकूण त्वचेच्या चार-पाच टक्के असते. म्हणजे उष्णता साठवायला ऐवज थोडा आणि ती गमवायला पृष्ठभाग मोठा. शिवाय बोटं हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी बोटं ओढतात. स्नायू काम करताना उष्णता तयार करतात, पण बोटांना ती जागच्या जागी मिळत नाही. बोटांची ऊब येते ती बहुतेक रक्तातून.

आणि थंडीत हाच पुरवठा शरीर कमी करतं. धडाचं तापमान टिकवणं मेंदूच्या दृष्टीनं पहिलं काम. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटांच्या टोकांशी रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणारे आडमार्ग असतात. उकाड्यात ते उघडे राहून शरीरातली जादा उष्णता बाहेर टाकतात, गारठ्यात जवळजवळ मिटतात. अधूनमधून ते काही मिनिटं पुन्हा उघडतात आणि बोटांत उष्ण लहर आल्यासारखं वाटतं. ब्रिटिश वैद्य टॉमस लुईस यांनी १९३० मध्ये या आवर्तनाचं वर्णन केलं. पण अंग मुळातच गारठलेलं असेल तर ही सूट फारशी मिळत नाही.

यातून पहिला व्यवहारी धडा निघतो. हात गार पडत असतील तर दोष नेहमी हातमोज्यांचाच असतो असं नाही. छाती, मान आणि डोकं उघडं ठेवून कितीही महागडे हातमोजे घातले, तरी शरीर बोटांकडे रक्त सोडणार नाही. वारा अडवणारं जॅकेट, गळपट्टी आणि हेल्मेटखाली पातळ टोपी हा हातांच्या उबेचाच भाग आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात, म्हणून मनगट उघडं पडणार नाही हेही पाहायला हवं.

सायकलवर आणखी तीन अडचणी असतात. पाय फिरत असतात, पण हात तासन् तास एकाच जागी, वाऱ्याच्या सगळ्यात पुढे असतात. मूठ आवळल्यानं तळव्यातल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात आणि हातमोज्यातलं अस्तरही चेपतं. तिसरी अडचण ब्रेकच्या लिव्हरची. ती बहुधा ॲल्युमिनियमची, म्हणजे उष्णता झपाट्यानं ओढून घेणारी असते. त्यामुळे लिव्हरवर ठेवलेली दोन बोटं बाकीच्यांच्या आधी बधिर होतात.

बधिरपणा हा नुसता त्रास नव्हे. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची चपळाई स्पष्टपणे घटू लागते. आठ अंशांच्या आसपास स्पर्शाची जाणीवच मंदावते. मज्जातंतूंतून संदेश सावकाश जातात, सांध्यांतला द्रव घट्ट होतो. ताशी २५ किलोमीटर वेगानं जाणारी सायकल एका सेकंदात जवळजवळ सात मीटर पुढे सरकते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ते साडेतीन मीटर रस्त्यावरच्या माणसाचे असतात. म्हणून हातमोज्यांचा विचार सायकलच्या ब्रेकचा एक सुटा भाग म्हणून करावा.

कोरडी थंडी आणि ओली थंडी

निफाडला जानेवारीतल्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, आणि उत्रेख्तला डिसेंबरच्या पावसातही तो तेवढाच असतो. आकडा एकच, पण हातांवरचा परिणाम वेगळा. निफाडची हवा कोरडी असते. तिथे वारा अडवला की निम्मं काम होतं. वाऱ्याचा हिशोब सोपा आहे. अमेरिका आणि कॅनडा २००१ पासून जे सूत्र वापरतात त्यानुसार पाच अंशांत ताशी २५ किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला शून्याच्या आसपासचा गारवा जाणवतो. सायकलस्वार हा वारा स्वतःच निर्माण करत असतो.

मात्र ते सूत्र चेहऱ्याच्या कोरड्या त्वचेसाठी आहे. पाणी आलं की गणित बदलतं. सगळ्या उबदार कपड्यांची ऊब ही खरी तर धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेची असते. कापड भिजलं की त्या हवेच्या जागी पाणी बसतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. वर बाष्पीभवन. माठाभोवती ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेवतात, तसाच भिजलेला हातमोजा वाऱ्यात हात थंड करत राहतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. हातमोज्यातून तासाला ३० ग्रॅम पाणी उडालं, तर ही उष्णता साधारण २० वॅटच्या दरानं खर्च होते. त्यातली काही आसपासच्या हवेतून येते, पण उरलेलीही आकसलेल्या रक्तवाहिन्यांना पुरवणं जड जातं.

भिजण्याचे रस्ते तीन. पाऊस बाहेरून कापडातून येतो. बाहीवरून ओघळणारं पाणी मनगटातून आत शिरतं. आणि तिसरं पाणी आपल्याच घामाचं असतं. घर्मग्रंथींची दाटी शरीरात सगळ्यात जास्त असलेल्या भागांपैकी तळहात एक आहे. त्यामुळे पाऊस पूर्ण अडवणारा हातमोजाही चढणीनंतर आतून ओला निघू शकतो.

‘वॉटरप्रूफ’ या चिठ्ठीमागे

जलरोधक हातमोज्यात साधारण तीन थर असतात. बाहेरचं टिकाऊ कापड, मधला पातळ पडदा आणि आतलं अस्तर. या पडद्यांतला सर्वांत नावाजलेला गोर-टेक्स. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई हे प्लास्टिक झटक्यात ताणलं आणि सूक्ष्म छिद्रांचा एक पापुद्रा तयार झाला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण बाष्पाच्या रेणूला पुरेशी मोठी असतात. म्हणून पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ निसटू शकते, निदान तत्त्वतः.

व्यवहारात दोन गोष्टी आड येतात. वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या दमटपणातल्या फरकामुळे. पावसात बाहेरची हवाही दमट असते, त्यामुळे ओढ कमी होते. दुसरं म्हणजे बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो, तो वापरानं झिजतो. मग कापड पाणी शोषतं, जड होतं, आणि पडदा शाबूत असूनही हात गार पडतो. आपण म्हणतो, ‘वॉटरप्रूफ म्हणून घेतला आणि गळला.’ पुष्कळदा तो गळलेला नसतो. बाहेरून भिजलेला आणि आतून घामेजलेला असतो. नवे थेंब गोल होऊन घरंगळत नाहीत असं दिसलं की हातमोजा धुऊन त्यावर पुन्हा लेपाचा फवारा मारायची वेळ झाली समजावं. या लेपांत पूर्वी वापरली जाणारी पीएफएएस वर्गातली रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून अनेक कंपन्या आता त्यांच्याशिवाय लेप बनवतात. असे लेप जरा लवकर पुन्हा द्यावे लागतात, हे धरून चालावं.

जलरोधक हातमोज्यांची सगळ्यात वैतागाची खोड वेगळीच आहे. मधला पडदा बऱ्याच वेळा पिशवीसारखा सुटा बसवलेला असतो. ओला हात ओढून बाहेर काढताना अस्तर उलटं होऊन बोटांतून सुटतं. मग एखाद्या कॉफीच्या दुकानाबाहेर, थंडीत, प्रत्येक बोटाचं अस्तर पेन्सिलीनं आत ढकलत बसावं लागतं. विकत घेण्यापूर्वी हातमोजा घालून, मूठ आवळून, मग झटकन काढून पाहावा. अस्तर हाताबरोबर बाहेर आलं, तर तो ठेवून द्यावा.

निओप्रीन आणि इतर भिजके मित्र

याच्या अगदी उलट विचार निओप्रीनमागे आहे. १९३० मध्ये अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीत शोधलेलं हे कृत्रिम रबर फेसाळ रूपात वापरलं जातं. त्यातले वायूचे बुडबुडे बंद असतात, त्यामुळे पाणी त्यांची जागा घेऊ शकत नाही. पाणबुड्यांचे पोशाख याचेच. निओप्रीनच्या हातमोज्यात शिवणींतून आणि मनगटातून पाणी शिरतं, पण आत अडकलेला पातळ थर हाताच्या उबेनं कोमट होतो आणि बुडबुडे वारा अडवतात. हात ओले असतात, पण काम करतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीचे, अंगासरशी बसणारे हातमोजे पाच ते दहा अंशांतल्या संततधारेत महागड्या जलरोधक हातमोज्यांइतके, कधी त्यांहून चांगले ठरतात. कोरड्या हवेत मात्र ते घामट होतात, लवकर वास मारतात, आणि सैल बसले तर आतलं पाणी सतत बदलत राहून सगळा फायदाच जातो.

आतल्या थरासाठी मेरिनो लोकर उत्तम. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओला लागत नाही, आणि शोषताना किंचित उष्णताही सोडतो. पॉलिस्टरचा फ्लीस उलट जवळजवळ काहीच शोषत नाही, त्यामुळे पिळून घातला तरी लवकर वाळतो. सुती हातमोजे मात्र या हवेत नकोतच. सूत पाणी धरून ठेवतं आणि वाळत नाही.

कमी खर्चाचे उपायही आहेत. लांबच्या ‘ब्रेव्हे’ राइड करणारे अनेक जण बॅगेत नायट्राइलच्या, दवाखान्यात असतात तशा, पातळ हातमोज्यांची जोडी ठेवतात. अचानक झड लागली की ती लोकरी हातमोज्यांच्या आत घालायची. घाम आतच राहतो, पण वारा आणि बाष्पीभवन थांबतं. जपानच्या शोवा कंपनीचे ‘टेमरेस’ हे मासेमारी आणि शीतगृहातल्या कामगारांसाठीचे हातमोजे गिर्यारोहकांनी आणि सायकलस्वारांनी आपलेसे केले आहेत. दिसायला ओबडधोबड, पण बाहेरून अखंड लेप असल्यानं शिवणीतून पाणी शिरायचा प्रश्नच नाही.

पाच बोटं, तीन बोटं की मूठ?

ऊब हवी तर बोटं एकत्र ठेवावीत, हा जुना नियम. सगळी बोटं एका खोबणीत असलेला मिटन सगळ्यात उबदार, पण सायकलवर ब्रेक आणि गिअर दोन्ही बोटांनी चालवायचे असतात. म्हणून ‘लॉबस्टर’ नावाचा मधला प्रकार निघाला. दोन बोटं एका कप्प्यात, दोन दुसऱ्यात आणि अंगठा वेगळा. शून्याच्या आसपास तो बऱ्यापैकी समतोल साधतो. मात्र ड्रॉप हँडलच्या सायकलींवर गिअर बदलायच्या दोन छोट्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. जाड कप्प्यानं एकाऐवजी दोन्ही दाबल्या जातात. म्हणून लॉबस्टर स्वतःच्या सायकलवर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक मार्ग हातांऐवजी हँडललाच हातमोजे घालण्याचा. उत्तर भारतात हिवाळ्यात स्कूटरच्या हँडलवर जाड आवरणं दिसतात, तीच कल्पना. निओप्रीनच्या अशा ‘बार मिट’मध्ये हात घातला की वारा आणि पाऊस दोन्ही बाहेरच राहतात, आत पातळ हातमोजे पुरतात आणि बोटं मोकळी राहतात. रोजच्या ठरलेल्या वाटेसाठी हा उपाय अनेकांना सगळ्यात चांगला वाटतो. तोटे दोन. हातानं वळणाची खूण करायची तर हात बाहेर काढून परत घालताना चुकतो, आणि हँडलवर पकडीची जागा बदलता येत नाही. ओझरतं आणखी एक सांगायचं तर बॅटरीवर तापणारे हातमोजेही मिळतात. ज्यांच्या बोटांना रक्तपुरवठ्याचाच त्रास आहे त्यांना ते उपयोगी पडतात. इतरांनी आधी बाकीचे उपाय करावेत.

दुकानात काय तपासायचं?

हातमोजा घालून सरळ उभं राहू नका; हँडल धरल्यासारखी मूठ करा. या स्थितीत बोटांच्या टोकांपुढे काही मिलिमीटर जागा उरली पाहिजे. टोक भिडलं तर तिथलं अस्तर चेपून ऊब संपते. बोटांच्या बेचक्यात कापड ताणलं जाऊ नये. आतून पातळ अस्तराचा वेगळा हातमोजा घालायचा असेल तर तोही बरोबर न्यावा. एक माप मोठं घ्यायला हरकत नाही, पण सैलपणामुळे लिव्हर घसरता कामा नये. शक्य असेल तर दुकानातल्याच सायकलचा ब्रेक दोन बोटांनी दाबून, गिअर बदलून पाहा. खिशाची चेन उघडता येते का, हीसुद्धा साधी पण खरी परीक्षा आहे.

तळव्याकडं पाहा. ओल्या हँडलवर पकड राहावी म्हणून तिथे सिलिकॉनचे ठिपके किंवा खरबरीत कृत्रिम चामडं असावं. गादी मात्र फार जाड नको. करंगळीच्या बाजूनं तळव्यातून जाणारा अल्नर मज्जातंतू हँडलवर दाबला गेला की करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. जाड गादी कधी कधी तो दाब वाढवते. हा बधिरपणा आणि थंडीचा बधिरपणा यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सगळ्या बोटांची टोकं एकदम बधिर झाली तर थंडी समजावी. फक्त करंगळी-अनामिका मुंग्या आल्यासारखी झाली तर सायकलची बसण्याची ठेवण तपासावी, हातमोजे बदलून ते थांबणार नाही.

मनगटाची पट्टी लांब असावी आणि जॅकेटची बाही तिच्यावरून यावी. सायकलवर हात खांद्यापासून पुढे-खाली उतरत असतात. बाही हातमोज्याच्या आत खोचली, तर बाहीवरचं सगळं पाणी पन्हळीतून यावं तसं थेट तळव्यात जमा होतं. डिसेंबरच्या मध्यात लंडनला दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा हाताच्या मागच्या बाजूला परावर्तक पट्टी असलेली बरी. वळायची खूण मागच्या वाहनाला दिसते. अंगठ्यावर मऊ कापडाचा तुकडा असतो, तो नाक पुसण्यासाठी. थंडीत त्याची किंमत कळते. मोबाइल चालणारी बोटांची टोकं मात्र पावसात क्वचितच चालतात. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

कामगारांसाठीच्या हातमोज्यांवर ‘ईएन ५११’ हे युरोपीय मानक आणि बर्फाच्या स्फटिकाचं चिन्ह दिसतं. त्याखालच्या आकड्यांतला पहिला हवेतल्या थंडीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा थंड वस्तू पकडल्यावरचं. दोन्ही शून्य ते चारच्या मोजपट्टीवर. जिथे पाण्याची चाचणी झाली आहे तिथे तिसरा आकडा असतो, आणि ‘१’ म्हणजे अर्धा तास पाणी आत आलं नाही. अर्धा तास हे शब्द नीट वाचावेत. तुमची सफर चार तासांची असेल, तर या ‘१’चा अर्थ तेवढाच मर्यादित आहे.

किती थंडीला काय?

माणसागणिक फरक पडतो, तरी ढोबळ ताळा असा. दहा ते पंधरा अंशांत वारा अडवणारे पातळ, पूर्ण बोटांचे हातमोजे पुरतात. भिजले तरी फार बिघडत नाही. पाच ते दहा अंशांच्या पावसात एका तासाच्या आतला प्रवास असेल तर जलरोधक, त्याहून लांब असेल तर निओप्रीन. शून्य ते पाचमध्ये अस्तराचे जलरोधक हातमोजे किंवा लॉबस्टर, आत मेरिनो. शून्याखाली बार मिट किंवा मिटन. तिथे पाऊस बहुधा बर्फ झालेला असतो, म्हणून ओलाव्याचा प्रश्न उलट थोडा कमी होतो. सगळ्यात अवघड पट्टा एक ते सहा अंशांचा, कारण तिथे पाणी द्रव असतं आणि थंडीही पुरेशी असते.

लांबच्या सफरीत जोडी एकच न्यायची नाही. दुसरी कोरडी जोडी झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवावी. ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ ही चार वर्षांनी होणारी १,२०० किलोमीटरची राइड महाराष्ट्रातल्या ब्रेव्हे करणाऱ्यांना चांगली परिचित आहे. ऑगस्टमध्ये असूनही फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या तिच्या रात्री एक आकडी तापमानाच्या असतात, आणि २००७ ची आवृत्ती तर पावसानं धुऊन काढली होती. अशा वेळी कोरड्या हातमोज्यांची जोडी खाण्याच्या पिशवीइतकीच महत्त्वाची.

मनाली-लेहचं गणितही आधी करून ठेवावं. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर मनालीत १५ अंश असताना माथ्यावर तीनच्या आसपास असणार, आणि पावसाळी ढग असतील तर ते ओलंही असणार. चढताना अंग तापलेलं असतं, पातळ हातमोजे घामानं भिजतात. माथ्यावर फोटो काढण्याआधी ते बदलून जाड, कोरडे घाला. उतार लागला की पाय थांबतात, वारा दुप्पट होतो आणि ब्रेक सतत दाबावे लागतात. उतारावर बोटं बधिर झाल्यावर हातमोजे काढणं-घालणं जमत नाही. फान डेर वेल्डेची चूक चढणीतली होती, शिक्षा मात्र उतारावर मिळाली.

सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी मात्र यातलं काही घेऊ नका. जुलैत ताम्हिणी घाटात किंवा लोणावळ्यात वीस अंशांच्या वर तापमान असतं. तिथे जलरोधक हातमोजा म्हणजे घामाची पिशवी. पातळ, जाळीदार, पकड चांगली असलेले पूर्ण बोटांचे हातमोजे पुरेत. ते भिजणारच, आणि भिजले तरी चालतील.

बोटं बधिर झालीच तर

थांबा. बगलेत किंवा पोटाशी हात धरून सावकाश ऊब द्या. चोळू नका. कढत पाण्यात घालू नका किंवा हीटरला लावू नका, कारण बधिर त्वचेला भाजल्याचं कळत नाही. हात खांद्यापासून गोल फिरवले की रक्त बोटांकडे ढकललं जातं. बोटं पुन्हा गरम होताना कळ येते; ती काही मिनिटांत जाते. शून्याच्या वरही ओल्या थंडीत वारंवार राहिल्यानं बोटांवर लाल, खाजरे फोड येऊ शकतात. इंग्रजीत त्यांना चिलब्लेन म्हणतात. बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो रेनो विकार असू शकतो. फ्रेंच वैद्य मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये तो वर्णिला. अशा वेळी दुकानदाराऐवजी डॉक्टरांना विचारा.

घरी आल्यावर हातमोजे हीटरवर टाकू नका. उष्णतेनं पडद्याचे चिकटवलेले जोड सुटतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला, मोकळ्या हवेत वाळू द्या. सकाळी दमट हातमोजे घालून निघालात, तर पाऊस नसतानाही भिजूनच निघाल्यासारखं होईल.

शेवटी निवडीचा निकष एकच ठेवावा. दुकानातला विक्रेता ‘हे पूर्ण वॉटरप्रूफ आहेत’ असं सांगेल, तेव्हा ‘किती वेळ?’ आणि ‘भिजल्यावर किती उबदार?’ हे दोन प्रश्न विचारा. त्यांची समाधानकारक उत्तरं देणारे, तुमच्या सायकलचा ब्रेक सहज दाबू देणारे आणि ओल्या हातांनी काढता-घालता येणारे हातमोजे घ्या. किंमत अर्धी असली तरी तेच चांगले. आणि वाचलेल्या पैशांत दुसरी जोडी घेऊन ती कायम बॅगेत असू द्या.